होडीस खोलीमापक यंत्र बसविणें व शेतकऱ्याच्या पाण्याचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरीं धान्याची कणगी असते. कणगींत किती धान्य उरलें आहे हें पाहावयाचें झाल्यास घरची बाई वरून डोकावून पाहते आणि अदमास सांगते. परंतु कणगीच्या बुडाशीं माती साचली असेल तर वरची पातळी पूर्वीइतकीच दिसूनही माप लावतांना धान्य कमी भरतें. आमच्या धरणांची व तलावांची स्थिति नेमकी अशी आहे. पाण्याची वरची पातळी पट्टीवर सर्वांस दिसते; तळ कोणासही दिसत नाहीं. तो तळ पाहण्याचें जें साधन हल्लीं उपयोगांत आहे, तें एका लहानशा होडीच्या मागच्या फळीवर किंवा बाजूच्या खांबावर दोन-चार स्क्रूंनीं बसविलेलें असतें. तें भलत्या जागीं बसलें म्हणजे साठ्याचा हिशेब चुकतो, आणि साठ्याचा हिशेब चुकला म्हणजे शेवटच्या पाळीचें पाणी चुकतें. म्हणून या विषयाची माहिती आमच्या वाचक शेतकरी बंधूंस असणें जरूर आहे असें वाटून हा लेख लिहिला आहे.

पट्टी आणि तक्ता

प्रतिवर्षीं १५ ऑक्टोबरच्या सुमारास धरणांत किती पाणी आहे तें पाहून रब्बीच्या व उन्हाळी पाळ्यांचा विचार करण्यांत येतो. हा साठा कोणी घागरींनीं मोजीत नाहीं. पट्टीवरील पातळी वाचावयाची, आणि त्या पातळीस किती क्षेत्र पाण्याखालीं असतें व किती साठा असतो हें दाखविणारा जो तक्ता दप्तरीं असतो, त्यावर बोट ठेवून आंकडा काढावयाचा, अशी ही रीत आहे. पातळी खोटें बोलत नाहीं. परंतु तक्ता ज्या सालीं झाला त्या सालचा तळ तो सांगतो. त्यानंतर नदीनें किती माती आणून टाकली याची त्यास खबर नसते. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें दप्तरांतील नोंद व जाग्यावरची वस्तुस्थिति यांत वर्षांगणिक कसें अंतर पडत जातें याचा आम्हांस पुरेपूर परिचय आहे. सात-बाराच्या उताऱ्यावरील नोंद दुरुस्त करण्यास फेरफार आहे. तलावाच्या तळाचा फेरफार मात्र पुन्हां मोजणी केल्यावांचून होत नाहीं.

आमच्या नागपूर जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. पेंच नदीवरील तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा सुमारें १,०१७ दशलक्ष घनमीटर धरला जातो, व रामटेकजवळच्या खिंडसी तलावाचा १०३ दशलक्ष घनमीटर. खिंडसीचा तलाव तर शंभरी ओलांडलेला. पारशिवनी, रामटेक, मौदा या भागांतील धानाचें पऱ्हें व रोवणी, पुढें गहूं-हरभरा, आणि शिवाय नागपूर शहराचें पिण्याचें पाणी, हें सर्व या साठ्यांवर अवलंबून. मध्यप्रदेशांत वरच्या अंगास चौराईचें धरण झाल्यापासून पेंचेच्या पाण्याची ओढ अधिकच वाढली. २०१९ च्या उन्हाळ्यांत तोतलाडोहाचा मृत साठा उपसण्याची पाळी आली, हें वाचकांस स्मरत असेलच. उपयुक्त साठ्याच्याही खालीं राहणारें जें पाणी तो मृत साठा; आणि गाळ या तळच्या कोठ्यांतही जाऊन बसतो. अडीअडचणीच्या वर्षीं जें हातीं लागावयाचें, त्याचाच अंदाज सर्वांत कच्चा असावा, ही चिंतेची गोष्ट होय.

आतां माप किती चुकलें असतां किती नुकसान, हें त्रैराशिकानें पाहूं. एक चौरस किलोमीटर पसरलेल्या पाण्याखालचा तळ मोजतांना सरसकट १० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें पांच बोटें चूक झाली, तर साठ्यांत १ लाख घनमीटरांचा फरक पडतो. शेतांत ८ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटें पाणी उभें राहील अशी एक पाळी धरली तर हेक्टरीं ८०० घनमीटर लागतात. अर्थात् त्या १ लाख घनमीटरांत, कालव्यांतील गळती न धरतां, १२५ हेक्टरांची एक पाळी भागते. जलाशयाचा विस्तार २० चौरस किलोमीटर असेल तर हाच आंकडा २,५०० हेक्टरांवर जातो. पांच बोटांची ही किंमत आहे.

येथें ‘सरसकट’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत धरावा. मोजणींत कोठें चार बोटें जास्त व कोठें चार बोटें कमी अशी चूक झाली तर हजारों मापांत ती बरीचशी फिटून जाते. परंतु यंत्र बसवितांनाच जी चूक राहिली ती प्रत्येक मापांत एकाच बाजूस पडते व कधींही फिटत नाहीं. तराजूच्या पारड्याखालीं चिंचोका चिकटलेला असला म्हणजे दिवसभर किती वेळां तोललें तरी गिऱ्हाइकाचें नुकसान व्हावयाचें तें होतेंच.

जुनीं मापें

विहिरीची खोली आमचे लोक पुरुषांत सांगत व कोंकणांतील नावाडी समुद्राची खोली वावांत सांगत. तलावांत ढिवर बंधु डोंग्यांतून बांबू टोंचून किंवा दोरीस वजन बांधून तळ पाहत आले. हीं साधनें खोटीं नव्हेत. उथळ तलावांत आजही बांबूसारखा पंच नाहीं. मात्र दोन अडचणी आहेत. एक, दोरी वाऱ्यानें व पाण्याच्या ओढीनें तिरपी जाते, त्यामुळें खोली जास्त भरते. दुसरी, काळ्या मातीचा ताजा गाळ आंबिलीसारखा मऊ असतो व वजन त्यांत रुतून बसतें. मग तळ गाळाचा मोजला कीं गाळाखालचा, हें सांगतां येत नाहीं. शिवाय मोठ्या जलाशयांत हजारों ठिकाणीं दोरी सोडावयाची म्हणजे महिने जातात, आणि तेवढ्यांत पाण्याची पातळीच उतरते.

यंत्राचें मर्म

हें यंत्र प्रतिध्वनीवर चालतें. डोंगराच्या कड्यासमोर हांक मारली असतां ती परत येते, व परत येण्यास जितका वेळ लागला त्यावरून कडा किती दूर हें सांगतां येतें. तोच हा प्रकार. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या सरोवरांत १८२६ सालीं कोलाडन यानें पाण्याखालीं घंटा वाजवून ध्वनीचा वेग मोजला. तो सेकंदास सुमारें १,४३५ मीटर भरला, म्हणजे हवेंतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. पुढें १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ आगबोट बर्फाच्या डोंगरावर आदळून बुडाल्यावर पाण्यांत ध्वनि सोडून पुढचें संकट ओळखण्याच्या खटपटी जोरानें सुरू झाल्या, व १९१३ सालीं जर्मनींतील बेम यानें प्रतिध्वनीनें खोली मोजण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें.

यंत्राचे मुख्य भाग दोन. एक पडद्याची पेटी. ही होडींत चालविणाऱ्यासमोर असते. दुसरी तळहाताएवढी डबी; ही पाण्यांत राहते व हिला ट्रान्सड्यूसर म्हणतात. विजेचा झटका मिळाला कीं या डबींतील चकती थरथरते व कानास ऐकूं न येणारा बारीक ध्वनि खालीं सोडते. तळावरून परत आलेला ध्वनि तिच्यावर आपटला कीं पुन्हां वीज उत्पन्न होते. जाण्यायेण्याचा वेळ, गुणिलें ध्वनीचा वेग, भागिलें दोन, म्हणजे खोली. १५ मीटर खोल पाण्यांत हा सारा प्रवास सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शांत आटोपतो. ध्वनि सेकंदास दोन लक्ष कंपनांचा असला तर तो मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परत फिरतो. त्याहून पुष्कळ कमी कंपनांचा, चोवीस ते पन्नास हजारांचा असला तर मऊ थरांत शिरून खालच्या घट्ट थरावरून फिरतो. दोन्ही ध्वनि सोडणारें यंत्र असेल तर दोहोंतील अंतरावरून नव्या मऊ गाळाची जाडी कळण्यास मदत होते.

वेगवान होडीची अडचण

ध्वनीचा एक मोठा वैरी आहे, तो म्हणजे हवा. पाण्यांतून जाणारा ध्वनि हवेच्या बुडबुड्यावर आदळला कीं जवळजवळ सगळा माघारीं फिरतो. डबीच्या तोंडावरून फेंस वाहूं लागला म्हणजे तिच्यापुढें भिंतच उभी राहते. पडद्यावरील तळाची रेघ तुटते किंवा भलतीच खोली दिसूं लागते.

आतां मोजणीसाठीं ज्या होड्या मिळतात त्या बहुधा जलविहाराच्या किंवा पूरसंकटांत उपयोगी पडणाऱ्या, मागें इंजिन टांगलेल्या, हलक्या व वेगवान अशा असतात. त्यांचा उपयोगही आहे. लांबच्या खाडींत लौकर पोंचतां येतें, दुपारचा वारा सुटण्यापूर्वीं काम आटोपतें व पातळी उतरण्याच्या आंत मोजणी पुरी होते. परंतु अशी होडी हळू चालतांना पाणी कापीत चालते, आणि वेग वाढला कीं तिचें तोंड उचलून ती पाण्याच्या पाठीवर घसरत धांवते. त्या वेळीं पुढचा बराच तळ पाण्याबाहेर असतो व मागचा थोडा भाग तेवढा टेकलेला राहतो. म्हणून डबी पुढें बसवून चालत नाहीं. ती मागें हवी. पण मागें तर इंजिनाचा पंखा पाणी घुसळून फेंस करीत असतो! या कात्रींतून वाट काढणें हेंच बसविणाऱ्याचें कसब.

जागा कोणती निवडावी

पहिली गोष्ट, होडी भरधांव चालली असतां मागच्या फळीच्या खालच्या कडेशीं कोणत्या ठिकाणीं पाणी काचेसारखें स्वच्छ सुटतें हें पाहावें. तळावर जे लांबट उंचवटे, पट्टे, रिबिटांच्या ओळी किंवा पाणी आंत घेण्याचीं भोंकें असतात, त्यांच्या मागें नेहमीं फेंसाची शेपटी चालते. त्यांच्या ओळींत डबी ठेवूं नये.

दुसरी गोष्ट, पंख्याची बाजू. मागून पाहिलें असतां बहुतेक पंखे घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतात. अशा पंख्याचीं पातीं उजवीकडे खालीं जातात व डावीकडे वर येतात, आणि वर येणारीं पातीं फेंस उचलून आणतात. म्हणून डबी उजव्या बाजूस बसवावी. पंखा उलटा फिरत असल्यास डाव्या बाजूस. पंख्यापासून अंतर निदान ३८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक हात ठेवावें.

तिसरी गोष्ट, उंची. डबीचें तोंड तळाच्या कडेच्या अगदीं थोडें खालीं असावें. फायबरच्या गुळगुळीत होडीस सुमारें ३ मिलिमीटर, व रिबिटांच्या ॲल्युमिनियमच्या होडीस ९ ते १० मिलिमीटर. यापेक्षां वर राहिली तर वेगांत ती हवेंत येते. फार खालीं गेली तर पाण्याचा फवारा उडतो व एखाद्या बुंध्यावर आपटून मोडण्याची भीति राहते.

बसविण्याची कृति

मागच्या फळीस भोंक पाडणें म्हणजे होडीस कायमची जखम करणें होय. कित्येक होड्यांत फायबरच्या आंत लांकूड असतें, व त्यांत पाणी मुरलें म्हणजे तें आंतल्याआंत कुजतें. म्हणून प्रथम जाड प्लॅस्टिकची एक फळी मागच्या फळीवर पक्की बसवावी व डबीचा कोनाडा त्या फळीवर स्क्रूंनीं लावावा. पुढें जागा चार बोटें सरकवावी लागली तरी होडीस नवें भोंक पाडण्याचें कारण पडत नाहीं. गिरमिटानें भोंक पाडण्यापूर्वीं फळी शिकंजानें धरून एकदां पाण्यांत फेरी मारून पाहावी. प्रत्येक भोंकांत होडीच्या कामाचें सीलंट भरून मगच स्क्रू पिळावा.

डबीचें तोंड पाणसळींत असणें अत्यंत आवश्यक आहे. ही पाणसळ होडी कांठावर ओढून ठेविली असतां पाहूं नये. होडी पाण्यांत, इंजिन, इंधन व माणसें यांच्या नेहमींच्या वजनानिशीं तरंगत असतां पाहावी. अरुंद झोताची डबी १० अंश कलली तर २० मीटर पाण्यांत ध्वनि तिरपा जाऊन सुमारें ३० सेंटिमीटर खोली जास्त दिसते. तार इंजिनाच्या विजेच्या तारांपासून दूर न्यावी. एकत्र बांधल्यास पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडतो. तार लांब असल्यास कापूं नये, गुंडाळून ठेवावी. तार आंत घेण्याचें भोंक पाण्याच्या रेषेच्या बरेंच वर असावें.

भोंकें पाडण्याची मुळींच इच्छा नसेल तर फायबरच्या होडींत डबी आंतून तळास चिकटवितात व ध्वनि तळाच्या आरपार जातो. परंतु फायबर भरींव पाहिजे व चिकटवितांना मध्यें एकही बुडबुडा राहतां कामा नये. लांकडाच्या, धातूच्या किंवा दोन थरांत फोम भरलेल्या तळांतून ही युक्ति चालत नाहीं. भरींव तळांतूनही ध्वनीचा कांहीं अंश खर्ची पडतो. तेव्हां मोजणीच्या कामास ही रीत दुय्यम समजावी.

मोजणीस खांबच बरा

वर सांगितलेली मागच्या फळीवरची रीत मासेमारीस, जलविहारास व नुसता अदमास घेण्यास उत्तम आहे. परंतु ज्या मापावर तक्ता बदलावयाचा व पाळ्या ठरावयाच्या, त्या मापास होडीच्या मध्यावर बाजूस उभा खांब बांधून त्याच्या खालच्या टोंकास डबी बसविणें अधिक बरें. येथें इंजिनाचा फेंस पोंचत नाहीं. होडी पुढेंमागें डुलली तरी मध्यभाग कमी वरखालीं होतो. त्याच खांबाच्या माथ्यावर उपग्रहावरून ठिकाण सांगणारें यंत्र बसविलें म्हणजे ज्या जागेचें ठिकाण नोंदलें त्याच जागेची खोली नोंदली जाते. ठिकाण होडीच्या तोंडाशीं व डबी शेपटीशीं असा प्रकार झाला तर उतरत्या तळावर माप भलत्या जागेच्या नांवें चढतें.

खांब भक्कम पाहिजे, पुढून-मागून ताणांनीं आवळलेला पाहिजे, आणि बिजागरीवर वर उचलतां आला पाहिजे. एका जागेहून दुसऱ्या जागीं होडी पळवावयाची असेल तेव्हां खांब वर घ्यावा; मोजणीच्या ओळीवर आल्यावर खालीं सोडून होडी ताशीं ७ ते ९ किलोमीटरांनींच चालवावी. त्याहून वेग वाढविला कीं खांब थरथरतो, त्याच्या अंगानें हवा खालीं ओढली जाते, व होडीचा बसका बदलून डबीची खोलीही बदलते. वेगवान होडी मिळाली म्हणून मोजणी वेगांत उरकणें हें चांगल्या बैलजोडीनें पेरणी धांवत करण्यासारखें आहे.

पडताळा

यंत्र बसलें म्हणजे काम झालें असें नाहीं. दररोज काम सुरू करण्यापूर्वीं व संपल्यावर पुढील पडताळे घेतले पाहिजेत.

पहिला, डबीच्या बुडीचा. यंत्र डबीपासून तळापर्यंतचें अंतर मोजतें, पाण्याच्या पृष्ठापासूनचें नव्हे. डबी ३० सेंटिमीटर बुडाली असेल तर ते ३० सेंटिमीटर प्रत्येक मापांत मिळविले पाहिजेत. सकाळीं दोन माणसें असतां ही बुडी मोजली व दुपारीं चार माणसें बसलीं तर ती बदलते.

दुसरा, पत्र्याचा. लोखंडाचा सपाट पत्रा खुणा केलेल्या न ताणणाऱ्या दोरीनें वा सांखळीनें डबीच्या नेमका खालीं पृष्ठापासून २, ४, ६ मीटर याप्रमाणें सोडावा. पडद्यावरील खोलींत बुडी मिळविली असतां तोच आंकडा यावा. न आल्यास यंत्रांतील वेगाचा आंकडा दुरुस्त करावा.

तिसरा, उष्णतेचा. २० अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १,४८२ मीटर व ३० अंशांस सुमारें १,५०९ मीटर असतो. कित्येक यंत्रें समुद्राच्या मानानें १,५०० वर लावलेलीं येतात. हिवाळ्यांत पाणी २० अंशांवर असतां तशींच वापरलीं तर २० मीटर पाण्यांत खोली सुमारें २४ सेंटिमीटर जास्त दिसते. म्हणजे गाळ झांकला जातो व नसलेलें पाणी कागदावर चढतें.

चौथा, उलट फेरीचा. एकाच ओळीवर एकदां जातांना व एकदां येतांना मोजावें. होडी ताशीं १८ किलोमीटरांनीं चालत असेल तर एका सेकंदांत ५ मीटर सरकते; ठिकाणाची नोंद एक सेकंद मागें राहिली तर दोन्ही फेऱ्यांतील उतार एकमेकांवर बसत नाहींत व चूक उघडी पडते. हळू चालण्याचा हा आणखी एक फायदा.

लहान तलावांविषयीं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतील पुष्कळ कोहळी लोकांच्या कर्तबगारीचे. १९५१ सालीं मालगुजारी गेली व हे तलाव सरकारजमा झाले. निस्ताराच्या नोंदी कागदावर राहिल्या, परंतु दरवर्षीं उन्हाळ्यांत पाटाची व पाळीची डागडुजी करणारा हात सुटला. अशा तलावांस हें यंत्र लावण्याची घाई करूं नये. हात-दोन हात पाण्यांत यंत्र नीट चालत नाहीं. शिवाय बेशरमीचीं झुडपें व पाणवनस्पति यांवरूनच ध्वनि परत फिरतो व झाडाचा शेंडा तळ म्हणून नोंदला जातो. असे तलाव चैत्र-वैशाखांत कोरडे पडतात. त्या वेळीं जमिनीवरून समतल यंत्रानें मोजणी करणें स्वस्त व अचूक. २०१७ सालीं निघालेल्या व २०२३ पासून पुन्हां चालू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखालीं जेथें गाळ काढावयाचा असेल, तेथें काढण्यापूर्वीं व काढल्यानंतर अशी मोजणी गांवकऱ्यांसमक्ष झाली म्हणजे किती घनमीटर गाळ निघाला याविषयीं वाद राहत नाहीं.

मोठ्या जलाशयांत मात्र होडीस पर्याय नाहीं. उपग्रहाच्या चित्रांवरून निरनिराळ्या पातळींस पाण्याचा पसारा किती हें कळतें व त्यावरून वरच्या भागांतील गाळाचा हिशेब निघतो. परंतु पाणी ज्या पातळीखालीं कधीं उतरतच नाहीं तेथील तळ चित्रांत दिसत नाहीं. मृत साठा नेमका तेथेंच आहे.

शेतकऱ्यानें काय पाहावें

२००५ च्या कायद्यानें पाणी वापर संस्थांस पाण्याचा हक्क मापून, म्हणजे घनमीटरांत, मिळावयाचा आहे. हक्क मापाचा झाला म्हणजे माप पाहण्याचा अधिकारही ओघानेंच आला. आपल्या धरणाची मोजणी होत असेल त्या दिवशीं संस्थेच्या दोघां-तिघां जाणत्या सभासदांनीं कांठावर जावें व नम्रपणें पुढील गोष्टी विचाराव्या: डबी कोठें बसविली आहे? ती पाण्याखालीं किती बुडते व तें मापांत मिळविलें आहे काय? सकाळीं व संध्याकाळीं पत्र्याचा पडताळा झाला काय? पाण्याची उष्णता कितीची धरली? मोजणीच्या वेळची पट्टीवरील पातळी नोंदली काय? काम चोख करणाऱ्या माणसास हे प्रश्न आवडतात, असा आमचा नोकरींतील अनुभव आहे. कारण त्याचें उत्तर वहींत आधींच लिहिलेलें असतें.

मोजणीनंतर जो नवा तक्ता होईल त्याची नक्कल मागून घेऊन संस्थेच्या दप्तरीं ठेवावी व जुन्याशीं ताडून पाहावी. साठा कमी भरला तर निराश होण्याचें कारण नाहीं. कमी असलेलें पाणी आश्विनांत कळलें तर शेतकरी गव्हाऐवजीं हरभरा पेरील, धान कमी रोवील. तेंच माघांत कळलें तर ओंबीवर आलेलें पीक डोळ्यांदेखत वाळेल. आणि तळाशीं बसलेली ती माती आमच्याच शिवारांतून वाहून गेलेली आहे, हेंही विसरूं नये. बांध धरले नाहींत तर उद्यां कितीही चांगलें यंत्र लावलें तरी तें दरवर्षीं वर आलेलाच तळ दाखवील.

सरकारी मोजणीची वाट पाहत बसण्याचेंही कारण नाहीं. एक भक्कम खांब, एक साधें यंत्र, भाड्याची होडी व पत्र्याचा एक तुकडा एवढ्या सामग्रीवर आसपासच्या चार-सहा पाणी वापर संस्थांनीं मिळून आपल्या जलाशयाच्या दहा-वीस ठराविक ओळी दरसाल कार्तिकांत मोजून ठेविल्या, तर पांच वर्षांत तळ कोणत्या बाजूस किती चढतो हें त्यांस स्वतःच्या वहीवरून सांगतां येईल. त्यासाठीं जलाशयाच्या अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, होडींत प्रत्येकानें तरंगतें जाकीट घालावें व वारा सुटला कीं कांठास लागावें. आमच्या मंडळाच्या सभासदांनीं येत्या हंगामापूर्वीं या सूचनेचा विचार करावा अशी आमची विनंति आहे.